टेकडीवरची वाट आणि आमचे दाजी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, १२ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप नागम्माक्का हिला,

धाकट्या चन्नवीरचा शरणार्थ. इकडे सर्वजण खुशाल आहोत आणि दाजींची तब्येतही ठणठणीत आहे (हे मुद्दाम आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या छातीत धडधड व्हायला नको). रत्नीला आशीर्वाद, बाळाला गोड पापा. बाळाचं पोट आता दुखत नसावं. बारसं होऊन इतके दिवस झाले, रत्नी घरात हिंडूफिरू लागली, तरी तुझ्या मांडीशिवाय बाळ झोपत नाही असं तू लिहिलंस. खरंच आहे, रत्नीला सासू नाही, मग आजीची सगळी कामं तुझ्याच गळ्यात येणार. दाजींना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "राहू दे की तिला. मला काय हितं कमी हाय?" तेव्हा तू निवांत राहा, दाजींची काळजी करू नकोस. काळजी करायचीच असेल तर माझी कर.

कारण तुझ्या नवऱ्याने मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवलेली नाही. तुला ठाऊक आहे, डॉक्टरांनी मला चालायला सांगितल्यापासून पुणे नाक्याकडच्या बागेत आम्ही प्रभात मंडळ काढलं. मी अध्यक्ष, दाजी उपाध्यक्ष (ते वयाने मोठे, पण भाषण मला येतं). बागेच्या टोकाला ती मातीची टेकडी आहे ना, दुष्काळात तळ्यातला गाळ उपसून रचलेली, तिच्यावर चढून उतरायचं, खाली कडुलिंबाच्या काड्या चघळत बसायचं आणि देशाची काळजी करायची, असा आमचा शिरस्ता. सगळं सुखात चाललं होतं. मग यंदाच्या पावसाळ्यानंतर मिलमधल्या आणि मागाच्या कारखान्यातल्या तरुण पोरांना शोध लागला, की ही टेकडी चालण्यासाठी नसून सायकलवरून सुटण्यासाठी आहे.

सायकली म्हणजे काही वेगळ्या नव्हेत, आपल्या नेहमीच्याच, मागे कॅरियर आणि कॅरियरला भाकरीचा डबा. पाळी सुटली की ही पोरं सायकल खांद्यावर घेऊन वर चढतात आणि वरून जी सुटतात ती थेट आमच्या बाकड्यापाशी येऊन थांबतात. डबे असे वाजतात, की तोंडातली कडुलिंबाची काडी घशात जावी. बरं, वाट एकच. आम्हाला ती मऊ पाहिजे, गुडघ्याला बरी. त्यांना पाहिजे टणक. आम्ही सोमवारी श्रमदान करून तिच्यावर माती पसरायची आणि त्यांनी रविवारी धुमस घेऊन ती बडवून काढायची. दोन्हीकडून नारळ फुटत होते. म्युनिसिपालिटीच्या दुसऱ्या कुठल्या रस्त्याची इतकी निगा कुणी राखली नसेल, पण समाधान कुणाचंच नाही. त्यात धुळाप्पा शेळ्या घेऊन मध्ये. त्याचं म्हणणं, "वाट आमच्या शेळ्यांनी पाडल्याली हाय. तुमी दोगंबी मागनं आलासा." (आणि दोन्ही नारळांचं खोबरं तो हक्काने मागून घेतो.)

आता तुझ्या यजमानांचं ऐक. तू टेंभुर्णीला गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांत दाजी बागेत सायकल घेऊन आले. तीच ती हिरवी, पोस्टात असतानाची, जिचा पुढचा ब्रेक ते रिटायर झाले तेव्हाच रिटायर झाला. मला वाटलं, चालत यायचा कंटाळा आला असेल. तर हा मनुष्य सायकल ढकलत थेट टेकडीवर गेला, वर बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मग एकदम सुटला. धोतर खोचलेलं, टोपी डाव्या हातात, तोंडाने "सरका, सरका". मी सरकलो. माझ्यामागे आमचे खजिनदार सरकले ते कण्हेरीत. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून ती पोरं त्यांना "काका" म्हणतात आणि दाजी रोज सकाळी आमच्या आधी टेकडीवर हजर.

मी समजावलं, अक्का. घरी जेवायला बसले की समजावलं (दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडेच असतं, सुंदरम्मा त्यांना आग्रहाने वाढते आणि मला डॉक्टरांची आठवण करून देते). म्हटलं, दाजी, साठीला आलात, दोन नातवंडांचे आजोबा झालात, हे शोभतं का? ते शेंगाचटणीत तेल ओतत म्हणाले, "तू उगं चालत राहा की. मी काय नको म्हनलो?"

ठिणगी पडली ती बागेच्या ओव्हरसियरमुळे. बिचारा चांगला माणूस. रोजची भांडणं ऐकून तो म्हणाला, तुम्हा दोघांची संमती असेल तर टेकडीचा माथाच काढून टाकतो, उतार राहील पण बेताचा. चालणाऱ्यांना दम लागणार नाही आणि सायकली उधळणार नाहीत. मला हे फार पटलं. नवल म्हणजे पोरांनाही पटलं, कारण सायकल खांद्यावर घेऊन चढण्याचा त्यांनाही कंटाळा आलेला. आता सह्या करायच्या, इतक्यात दाजी उभे राहिले. माथ्याची एक पाटी माती हलवायची नाही म्हणाले. का, विचारलं तर सांगेनात. मी चिडून म्हटलं, तुम्हाला फक्त उंचावरून माझ्या अंगावर यायचं आहे. तेव्हा माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की मला वहाणा कुठे ठेवल्या ते आठवेना. संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सुंदरम्माने डबा पाठवला तर "भूक न्हाय" म्हणून परत. तुमच्या घरात दिवसभर रेडिओ चालू असायचा, पण ऐकायला दाजी पुढच्या खोलीत नसायचे. मागच्या पायरीवर बसलेले असायचे.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? गेल्या सोमवारी मंडळाला म्हटलं, माथा राहू दे, वाटेचा बंदोबस्त आपण करू. आता आपली माणसं तुला माहीत आहेत. तो दुष्काळ काढलेली, रोजगाराच्या कामावर महिनोन्‌महिने बांध घातलेली. उतार दिसला की यांच्या हातांना खाज सुटते. मी सांगितलं होतं, सायकलचा वेग जरा कमी होईल असं काहीतरी करा, एखादा दगड ठेवा. खजिनदारांनी कुदळ उचलली आणि उताराला आडवा चर खणला, त्याची माती खालच्या अंगाला लावून बांध बांधला, बांध पायाने दाबला, बाजूला सांडवासुद्धा काढला. शेवटी सगळे कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत उभे. धुळाप्पाही येऊन म्हणाला, "पानी अडंल की हितं. झ्याक केलासा." डिसेंबर महिन्यात, आभाळात चिंधीएवढा ढग नसताना. कुणाच्याही, अगदी माझ्याही डोक्यात आलं नाही, की हा चर वरून येणाऱ्याला दिसत नाही. बांध बघून मलासुद्धा गहिवरून आलं होतं.

त्यानंतर विशेष काही घडलं नाही. थंडी बरी आहे. रत्नीच्या घरचा हुरडा सुरू झाला असेल, तर कुणी येणारं असल्यास पाठव. सुंदरम्माचा तुला नमस्कार. तिने शेंगाचटणी करून ठेवली आहे. तू निवांत राहा, घाई करू नकोस, असं तीही म्हणते. कळावे, लोभ आहेच.

तुझा भाऊ,
चन्नवीर

ता. क. वर दाजींची तब्येत ठणठणीत आहे असं लिहिलं आहे. त्यातून उजवा गुडघा आणि नाक वगळावं. मंगळवारी सकाळी आम्ही पोहोचण्याआधीच ते वरून सुटले होते. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांनी दोनदा बघितलं. सायकलचं पुढचं चाक मात्र वाकलं, ते मी स्वतः दुकानात टाकून आलो. मिलच्या पोरांनी त्यांना उचलून आमच्याच घरी आणलं, आणि आता ते आमच्या माजघरात पाय लांब करून बसले आहेत. सुंदरम्मा हळदीचा लेप लावते. माझ्याशी बोलत नाहीत, पण काल माझ्या ताटातली भाकरी न विचारता उचलली, तेव्हा समेट झाला असं मी धरून चाललो आहे. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. म्हणून मी पत्रात कळवलेलं नाही, फक्त ता. क. मध्ये कळवतो.

आणखी ता. क. माथ्याचं कारण कळलं. काल शेळ्या सोडून धुळाप्पा चौकशीला आला आणि भोळेपणाने म्हणाला, "काका, आज टेंभुर्णीची गाडी मीच बघून आलो. न्हाईत उतरल्या वयनी." दाजींनी तोंड भिंतीकडे केलं. अक्का, त्या माथ्यावरून पुणे नाक्याचा थांबा दिसतो. टेंभुर्णीकडून येणारी सकाळची एस.टी. तिथे थांबते. हा मनुष्य रोज वर जाऊन ती गाडी येईपर्यंत उभा राहतो, कोण उतरलं ते बघतो आणि मग खाली येतो. मी समोर बसून कडुलिंब चघळत होतो आणि मला वाटत होतं, की ते माझ्या अंगावर येतात. फार वाईट वाटलं. "राहू दे की तिला" असं ते यापुढेही म्हणतील. तू ते ऐकू नकोस. बाळाला आजी पाहिजे हे खरं, तर बाळ आणि रत्नी दोघांनाही घेऊन संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला ये, महिनाभर राहू दे त्यांना.

शेवटचं. कोणत्या दिवशी निघणार ते मला एकट्याला कळव आणि नाक्यावरच उतर, पुढे स्टँडपर्यंत जाऊ नकोस. गुडघा तोवर चालता होईल, चाकही येईल. आदल्या दिवशी मी तो चर माझ्या हाताने बुजवून ठेवतो, कारण तू उतरलेली दिसल्यावर दाजी मागचा ब्रेकही लावणार नाहीत.