दादांच्या खोलीतला एसी

३ एप्रिल
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. लेकाचं भाषण छापून आलं म्हणून दादांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं, शेजारणीला एकदा. आता दूधवाल्याची पाळी.
इकडे त्यांच्या खोलीतला एसी नुसता वारा फेकतो आहे. मेकॅनिक म्हणतो, पाइप झिजून गॅस गळाला. मालक म्हणतो, वापरता तुम्ही, भरा तुम्ही. खर्च म्हणजे माझा निम्मा पगार. तरी भरून टाकते. खोली गार ठेवा, हृदयाला उकाडा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.
तब्येतीला जप, आमची आठवण असू दे.
ताई

९ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि. एक पैसा भरू नकोस. एसी मालकाचा, भाडेकरारात दुरुस्ती मालकाची. आज आपण पाइपाचे पैसे भरले की उद्या अख्ख्या इमारतीला भरावे लागतील. उन्हाळा ही या लोकांची सुगी झाली आहे. गारवा ही चैन उरलेली नाही ताई, तो आता पाण्यासारखा हक्क आहे, आणि हक्क कोणी घरपोच आणून देत नाही. सगळ्यांच्या सह्यांनी नोटीस द्या. हे पत्र दादांना मोठ्यानं वाचून दाखव.
रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
भाऊ

२२ एप्रिल
चि. भाऊस,
अ. आ. नोटीस दिली, मालक गप्प. मंगळवारी मला राहवेना. मेकॅनिकला बोलावून मी कामावर गेले. दादांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, तुझं पत्र अख्खं वाचून दाखवलं आणि परत पाठवलं. तो म्हणाला, आजोबा बोलतात झकास, पण सदरा पिळून काढावा असा भिजला होता. मी चिडले, तर दादा म्हणतात, पोरगा समोरून लढतो आहे आणि बापानं मागच्या दारानं पैसे चारायचे का.
रात्री धाप लागते त्यांना. फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही. तुझ्या हातची एक ओळ पाठव. माझं ऐकत नाहीत, तुझं मोडणार नाहीत.
वाट बघते आहे.
ताई

२७ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. सभांत तासभर बोलतो, या ओळीला तीन कागद फाडले. दादांना दे: ‘दादा, मेकॅनिकला आत येऊ द्या. लढायला मी आहे. तुम्ही फक्त गार राहा.’
भाऊ

१९ मे
चि. भाऊस,
अ. आ. दादांचं तेरावं उरकून तू गाडीत बसलास, आणि त्याच दुपारी टपालात अडकलेली तुझी दादांसाठीची चिठ्ठी दारात पडली. कुणाला देऊ, कळेना.
मालक नमला. इमारतीतल्या चारही घरांची दुरुस्ती त्याची, दर वर्षीचं सर्व्हिसिंगही. खालच्या बाळंतिणीची खोली गार झाली. सगळे तुझं नाव घेतात. तू बरोबरच होतास, हे मी टोचून लिहीत नाही.
काल मेकॅनिकनं दादांच्या खोलीतल्या एसीत गॅस भरला. जाताना म्हणाला, दार लावून घ्या ताई, गारवा बाहेर जातो.
मला ते दार लावता आलं नाही.
आता मला लिहिणारा तूच एक. लिहीत राहा.
ताई