मला पाडायला तिघं लागली

रविवार संध्याकाळ, इंदिरा नगर

हरले. पण मला पाडायला तिघं लागली! दर रविवारी पटावरच्या युद्धाच्या खेळात मीच जिंकते, म्हणून आज शेजारचे भैया-भाभी आणि माझी सई एक झाले. माझीच मुलगी! त्या दोघांना कळू नये म्हणून मी तिच्याशी मराठीत तह केला होता, "तू माझ्या सीमेवर येऊ नकोस, मी तुझ्या येत नाही." "हाँ आई, पक्का," म्हणाली. आणि पुढच्याच डावात माझ्यावर चालून आली.

पक्का म्हणे!

ते गेल्यावर विचारलं, असं का केलंस? एरवी हिंदीत उत्तर देणारी पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "तू कधी कुणाला जिंकूच देत नाहीस."

का देऊ? पुढच्या रविवारीही देणार नाही. या खुशाल, तिघं मिळून. तह मात्र सईशीच करणार. मराठीतच.