दाराकडच्या तीन फळ्या

बाबा, रविवारी जेवणं झाली की तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पेन्सिलीला टोक काढायचात. तुमची झाली की माझी शाळेची पेन्सिल ओढून घ्यायचात आणि तिलाही तसंच चपटं, सुताराचं टोक काढून ठेवायचात. सोमवारी माझी अक्षरं जाड यायची आणि कॉन्व्हेंटातल्या सिस्टर वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवायच्या. मी घरी येऊन चिडचिड करायची. तुम्ही म्हणायचात, "चपटं टोक लवकर मोडत नाई वं." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, आणि या आठवड्यात मी पुन्हा तुमच्यावर तशीच चिडले आहे.

आपलं घर विकलं. सोमवारी ताबा द्यायचा आहे. मी भावाकडे एकच गोष्ट मागितली, पुढच्या खोलीतली लाकडी भिंत. साडेतीन फूट उंच, तीस फळ्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसलेली. हिंगण्याच्या रस्त्यावर आम्ही बांधलेल्या घरात बैठकीची एक भिंत तेवढ्याच मापाची आहे. भाऊ हसला. "ताई, त्या जुन्या फळ्यायचं काय करतं तू? प्लाय लाव ना, टीव्हीचं कपाटबी त्यातच बसते." मी म्हटलं, मला फळ्याच हव्यात. "मंग रविवारपर्यंत काढून ने. पण त्या कोण्या बाजूनं ठोकल्या हायेत हे आठवते का तुले?" हा प्रश्न त्यानं सहज विचारला, आणि तिथेच माझी गाडी अडली. तुम्हीच सांगितलं होतं की अशा फळीचा खिळा जिभेत मारतात आणि पुढची फळी त्याला झाकून टाकते. म्हणून सोडवताना शेवटी बसवलेली फळी आधी काढायची. उलट्या बाजूनं गेलं तर जीभच तुटते. पण तुम्ही दाराकडून सुरू केलं होतं की खिडकीकडून? त्यावर भावानं काही वर्षांपूर्वी पिस्त्याच्या रंगाचे ऑइलपेंटचे तीन हात मारून ठेवलेले. सांधासुद्धा दिसत नव्हता.

आठवायला मी तिथे बघत असायला हवं होतं. आठवीतली गोष्ट. भिंतीला ओल होती, पोपडे आईच्या लुगड्याला लागायचे, पण तेवढ्यानं तुम्ही लाकूड आणलं नसतं. हट्ट माझा होता. शाळेच्या पार्लरमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, तशी भिंत होती, मेणानं पुसलेली, आणि आमच्या सिस्टर त्या रविवारी आपल्या घरी चहाला येणार होत्या. तुम्ही ती भिंत बघायला म्हणून ड्यूटीवरून थेट शाळेत आलात. सिस्टर समोर उभ्या असताना तुम्ही भिंतीजवळ उकिडवे बसता, खाचेतून नख फिरवता, फळीला नाक लावून वास घेता आणि म्हणता, "सागवान हाय. आमच्या डब्यायले आतून असंच लावतो." मी खाली मान घालून बुटाची पट्टी बघते आहे. रेल्वेच्या डब्याची आणि पार्लरची तुलना केल्याबद्दल मला तुमचा राग आला होता. डबे तुम्ही बांधत होतात आणि पार्लर कुणी बांधलं होतं ते मला ठाऊकही नव्हतं.

त्या आठवड्यात तुमच्या डबल ड्यूट्या होत्या. एरवी तुम्ही आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाहीत. एक लांब काठी घ्यायची, भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मापायची, काठीवर खुणा करायच्या आणि काठीच घेऊन आरामशीनवर लाकूड कापून घ्यायला जायचं. पण या वेळी तुम्ही म्हणालात, "तू कानव्हेंटात शिकून राहिली, तूच मोज अन् चिठ्ठी दे." लकडगंजातल्या आरामशीनवाल्यानं नमुन्याची एक फळी दिली होती. मी शाळेची फूटपट्टी लावून ती या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजली. साडेचार इंच. भिंत दहा फूट. भागाकार केला, सत्तावीस आले, सुंदर इंग्रजी अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि शाळेत जाता जाता स्वतः देऊन आले. एवढा अभिमान मला पहिल्या नंबराचाही वाटला नव्हता.

शुक्रवारी तुम्ही सगळ्या फळ्या आधी जमिनीवर एकमेकींत बसवून पाहिल्यात. एक फूट जागा उरली. तुम्ही काठी लावलीत, पुन्हा लावलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "जीभ काहून मोजली वं? ती तं आत जाते. भिंतीले चारच इंच भेटतात." आई चुलीपुढून म्हणाली, "आता तीन फळ्यायसाठी तो मशीन लावून देते का? अन् सिस्टर परवा येऊन राहिली." तुम्ही म्हणालात, "होऊन जाईन." मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले आणि शनिवारचा सगळा दिवस तशीच बसले. हातोडीचा आवाज येत होता. मध्येच तुम्ही हाक मारलीत, "ये, फळी धर जराशी." मी गेले नाही. म्हणून मला बाजू आठवत नाही, बाबा. ज्या एका दिवशी बघायचं होतं त्या दिवशी मी रुसले होते.

रविवारी भिंत पुरी होती. सिस्टर म्हणाल्या, किती छान. मी तुम्हाला विचारलं, तीन फळ्या कुठून आल्या? "भेटल्या," तुम्ही म्हणालात. मी आणखी विचारलं नाही. त्यानंतर तुमची निळी हत्यारपेटी दिसेनाशी झाली. पेटी कामावर ठेवली असं तुम्ही सांगितलंत, आणि करवत, रंधे, पटाशा पोत्यात घालून नेऊ लागलात. एकदा सुट्टीच्या वेळी तुम्ही ते पोतं खांद्यावर टाकून शाळेच्या फाटकासमोरून गेलात. मैत्रिणी होत्या. संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं, ते पोतं घेऊन आमच्या शाळेवरून जाऊ नका. तुम्ही "बरं" म्हणालात. मॅट्रिक होईपर्यंत तुम्ही मला त्या रस्त्यावर दिसला नाहीत.

तर या गुरुवारी. मी नव्या घरची भिंत तुमच्यासारखी तीनदा मापली, वर पाव इंचाचा फरक निघाला तोही काठीवर घेतला. फळीची दिसणारी बाजूच धरली, जीभ सोडून. बरोबर तीस. वैशाखाचं ऊन, लाकूड आक्रसलेलं, पावसाळ्यात फुगेल म्हणून दोन्ही टोकांना जागाही धरली. इतकं सगळं नीट केलं. सुतारकामाचे मिस्त्री आले, तुमच्यासारखेच आकड्यांशिवाय, बोटाच्या पेरानं मोजणारे. त्यांनी विचारलं, "बाई, सुरुवात कोणीकडून हाय?" भाऊ दारात उभा होता, हसत. मी म्हटलं, "दाराकडून. मला पक्कं आठवतं." मिस्त्रींनी पुन्हा विचारलं, "पक्कं ना बाई? नाई तं रंग खरवडून पायतो. अर्धा दिवस जाईन." मी म्हटलं, काही गरज नाही, खिडकीकडून काढायला घ्या.

भाऊ बाहेर गेला, आणि इकडे चार फळ्या फुटल्या. चौथी कडकन मोडली तसे मिस्त्री पहार खाली ठेवून बसले. "उलटे चाललो आपण, बाई." मग ते दाराशी गेले, आणि तिथली पहिली फळी जुन्या दातासारखी अलगद हातात आली. त्यांनी ती उलटी केली. मागून निळी होती. बिजागरीची भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवलेली. दुसरीही निळी. तिसरीवर कडीचा गोल डाग. तुमच्या पेटीचं झाकण. मिस्त्री जिभेवर अंगठा फिरवत म्हणाले, "ह्या तीन मशीनच्या नाईत. हातानं काढल्या हायेत. कोणाचं काम हाय हे?"

सांगितलं असतंत तर काय झालं असतं? एका वाक्याचं काम होतं. मी पोत्याबद्दल तसं बोलले नसते. की बोललेच असते? याच गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो, की मला ते खात्रीनं सांगता येत नाही. तुम्ही माझी चूक अशी बसवलीत की सांधा दिसू नये, आणि माझ्या हातून ती उघडली ती आणखी एक चूक करून. भिंत आता पुन्हा अपुरी आहे. भाऊ प्लायचा तुकडा लाव म्हणतो.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून वाटणी इथेच लिहून ठेवते. सागवानाच्या तेवीस चांगल्या फळ्या माझ्या भिंतीला लागतील, उरलेली जागा तशीच उघडी राहू द्यायची, प्लाय लावायचा नाही. तुमची घडीची फूटपट्टी लेकीला, ती पॉलिटेक्निकला आहे, पण काठीनं मापायला आधी मी शिकवणार. खाचेचा रंधा मिस्त्रींना. झाकणाच्या तीन फळ्या मला, भिंतीला नाही; त्या पुन्हा जोडून पेटी होते का हे मिस्त्रींना विचारायचं आहे. फुटलेल्या चार फळ्या भावाला दाखवून चूक माझीच होती हे सांगायला ठेवल्या आहेत. परत येऊन त्यानं फळ्या कशा फुटल्या विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, मिस्त्रीनं घाई केली. मिस्त्री तिथेच उभे होते. ते ऐकून त्यांनी फुटलेल्या फळ्या एकावर एक रचून ठेवल्या.