पायाळू मावशीचा पाय

मंगळवार संध्याकाळ, लिंबायत

लिहायचं टाळत होतो. लिहायला बसलं की दादाची पाठ आठवते. कारखान्यात मागाचा, सुताने भरलेला बीम उचलताना त्याच्या पाठीत कळ भरली. पायाकडून जन्मलेल्याचा पाय लागला की कळ जाते, ही चाळीतली रीत, म्हणून पायाळू सुमनमावशीने पाठीला पाय लावला. पुढे ऑपरेशन झालं. आता शेठ म्हणतो, "मणका बाईच्या लाथेने सरकला, भरपाई कसली?"

उद्या सुनावणी. मावशी घाबरून गावी गेलेली. खाली पोरं पतंगाच्या दोऱ्याला काच लावून मांजा पाजतायत, मन तिकडेच धावतंय. पण तो पाय किती हलका पडला, मी पाहिलंय. कामं बदलत फिरणाऱ्या माझं कोण ऐकणार?

रिक्षा थांबली. कोण आलं?

मावशीच, पिशवी घेऊन. म्हणते, "चौघांनी त्याला कारखान्यातून उचलून आणलं, तेव्हा मला बोलावलं ना रे? माझा पाय लागण्याआधीच त्याला उभं राहता येत नव्हतं. तेच सांगते उद्या."