गोजरबाईंनी छापून आणलेला आवाज

राहाता, सोमवार

प्रिय रंगनाथ,

नमस्कार. वहिनी बऱ्या आहेत ना, आणि तुझा गुडघा आता बांधावर चढू देतो का? इकडे सगळे ठणठणीत. (फोन तू उचलत नाहीस, म्हणून कर्जतला निघालेल्या पाहुण्यांच्या हाती हे पत्र.)

मी दुकानाची वेबसाइट काढली. हसू नकोस. बोअरची मोटार जरा कुरकुरली की लोक तीनशे फूट पाइप उपसतात आणि दोष निघतो वर स्टार्टरमध्ये. म्हणून पाइपाला मोबाईल टेकवून एकेका बिघाडाचा आवाज भरला आणि साइटवर टाकला. ऐका, जुळवा, मग उपसा. पहिलं गिऱ्हाईक गोजरबाई, शेजारच्या पेरूबागेच्या मालकीण. त्यांची मोटार गुरगुरायला लागली, झाडांवर सुपारीएवढी फळं, आणि मी बेलापूरला लग्नात. फोनवर म्हटलं, साइट उघडा. परतलो तर बाई दुकानात, हातात झेरॉक्सवाल्याकडून काढलेली अकरा पानं, सगळी चौकोन आणि प्रश्नचिन्हांनी भरलेली. "गोरक्षभाऊ, आवाज तर छापून आनला, पर वाचायचा कसा? झेरॉक्सवाल्याला बी येईना."

चूक माझीच. दुकानात मोटारीला चिठ्ठी बांधतो तशीच फायलींना नावं दिली होती: बिघाड, टिंब, गाव. माझ्या मोबाईलला मी शिकवून ठेवलं होतं की असली फाइल गाण्याच्या अ‍ॅपमध्ये उघडायची, म्हणून मोबाईलमधल्या फायली माझ्याकडे झकास वाजायच्या, साइटवरून मी वाजवून बघितलंच नव्हतं. पण सर्व्हर टिंबापुढचं बघून फाइल कसली ते ठरवतो आणि ब्राउझर त्याच्यावर विश्वास ठेवतो. सर्व्हरला एमपीथ्री ठाऊक, राहाता ठाऊक नाही. त्यानं सरळ सांगितलं, हे लिखाण आहे. सर्व्हरवाल्या कंपनीच्या माणसाला फोन लावला (मागं कुकर होता, तिसऱ्या शिट्टीला मीच म्हटलं, आधी गॅस बंद करून या). तो म्हणाला, नावं बदला. मी म्हटलं, चिठ्ठी बदलली की मोटार हरवते, तुमच्या सर्व्हरलाच गावं शिकवा. मग सेटिंगमध्ये दोन ओळी घातल्या: राहाता म्हणजे आवाज, बेलापूर म्हणजे आवाज. लगेच वाजायला लागलं! गोजरबाईंनी सगळे बिघाड ऐकले, एकही जुळला नाही. मी जाऊन पाइपाला कान लावला. मोटार खणखणीत आहे, नुसती गुरगुरते. पण बाई ऐकेनात. "आजारी मोटारी लई ऐकवल्या. धडधाकट कशी वाजती, ती कुठंय?"

दुरुस्तीच्या दुकानात धडधाकट मोटार आणतो कोण? बाईंनी बोलावलेली पाइप उपसणारी माणसं शुक्रवारी येणार, मग पुढं चार दिवस बागेला पाणी नाही. पण मार्ग निघेल, असं मन सांगतं.

तुझा,
गोरक्ष

ता. क. मी बसवलेली तुझी मोटार बावीस वर्षं गुरगुरते आणि बावीस वर्षं पाणी देते. तिचा मिनिटभर आवाज गुरुवारपर्यंत पाठव. आजवर तू तिला तक्रार म्हणत होतास, मी पुरावा म्हणतो.

ता. क. २. मधल्या काळात दुसऱ्या कुणाकडून ती गुरगुर बंद करून घेतली असशील, तर कृपा करून पहिल्यासारखी करून घे.