टिकटिक ठीक आहे

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे रोज सकाळी आडवा पडून छातीतल्या कृत्रिम झडपेची टिकटिक ऐकतो. सहा वर्षांपूर्वी बसवली तेव्हाइतकीच खणखणीत आहे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, ठोका चुकला तर माझा कान आधी सांगेल. हल्ली दुकानाच्या जिन्यात दोनदा थांबावं लागतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते, पण ते वयाचं असेल. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

आहे तो लोभ वाढू दे.
तुझा छोट्या

१७ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातली शिवण खाली ठेवली. साठीच्या माणसाला आता कान धरून दवाखान्यात न्यायचं का मी? बटण शाबूत असतं आणि त्याच्याखालचं कापड उसवतं, हे मी शिवणाच्या टेबलावर रोज बघते. तू बटणाकडे कान लावून बसलास. आणि मीही दर पत्रात टिकटिकच विचारत राहिले, त्याचा मला जास्त राग येतोय. पत्र मिळेल त्या दिवशी डॉक्टरांकडे जा.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच निघालं. झडप ठणठणीत आहे, पण तिच्या कडेचे टाके एका जागी सुटलेत आणि त्या फटीतून रक्त मागे गळतं. तिथून जाताना रक्तपेशी फुटतात, म्हणून लघवीचा तो रंग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती पुन्हा उघडली तर मी टेबलावरून उठेन याची खात्री नाही. त्याऐवजी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन फटीत जाळीचं बूच बसवणार. ते झडपेच्या उघडझाप करणाऱ्या पाकळीला अडलं तर मात्र जिवावर बेतेल. परवा सकाळी आहे. मला भीती वाटते, ताई. घरात ही भीती कुणाला बोलून दाखवली नाही.

आशीर्वाद असू दे.
छोट्या

१ एप्रिल

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज हातात पडलं, आणि तुझा परवा काल होऊन गेला. आपणहून फोन करायचा धीर होत नाही आणि शेजारी फोन वाजला तरी हातातलं काम टाकून उठतेय, म्हणून लिहीत बसले. हे कुणाला लिहितेय तेही मला ठाऊक नाही. सकाळपासून एकच बाही दोनदा उलटी जोडली. वाचत असशील तर एवढं ऐक. यापुढे मला टिकटिक कळवायची नाही. पायऱ्या कळव.

ताई

१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मुलाने तुला सुखरूप एवढंच सांगितलं, बाकीचं मी सांगतो. मला पूर्ण झोपवलं नव्हतं, नुसती गुंगी होती. पहिलं बूच फटीत बसलं आणि माझी टिकटिक अर्धी झाली. मी पुटपुटलो, ठोका चुकतोय. डॉक्टरीणबाईंनाही पडद्यावर पाकळी अडकलेली दिसली होती. बूच अजून नळीतल्या तारेला जोडलेलं होतं, ते त्यांनी मागे ओढलं. तेवढ्या वेळात मी तुझी फार आठवण काढली. मग त्याहून लहान बूच लावलं आणि ठोका पूर्ववत झाला. किंचित गळती उरली आहे, तेवढी चालेल म्हणाल्या. लघवीचा रंगही निवळलाय.

काल त्यांच्या परवानगीने दुकानात गेलो. वर पोचल्यावर सवयीने श्वास धरून टिकटिक ऐकायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की धरायला श्वास शिल्लक आहे.

बावीस पायऱ्या, ताई. एकदाही थांबलो नाही.

तुझा लोभ आणि राग दोन्ही हवेत.
छोट्या