जैतुनाएवढा तुकडा

९ जानेवारी, मंगळवार. संध्या. ७.१०
फोडणीच्या पावासाठी शिळे पाव कुस्करत होतो. प्रत्येक तुकडा बोराशेजारी धरून. जैतुनापेक्षा लहान तुकडा शिजला की पाव राहत नाही, त्यावर खाण्याआधी मेझोनोत म्हणायची, धान्याच्या पदार्थाची ब्रखा, म्हणजे प्रार्थना. मोठा राहिला तर पावाचीच ब्रखा, हामोत्सी. आमच्या पिंगळीत जैतून, म्हणजे ऑलिव्ह, कोणी पाहिलेलं नाही. आजीचं माप बोर. बेने इस्राएलांचं, म्हणजे ज्यूंचं, घर इथे आमचं एकच, दुसऱ्या कुणाला विचारणार?
बाबांनी मेझोनोत म्हटली. दादाने ताट ओढलं. दोन वर्षं ठाण्याला धर्माचं शिकून आलाय.
"जैतून बोराहून लहान असतं. हे तुकडे मोठे हायत. देवाचं नाव फुकट घेतलंत तुमी."
"माझ्या आईनं जन्मभर असंच म्हटलं."
"मग जन्मभर चुकली. अडाणी होती."
बाबांनी ताट त्याच्या तोंडावर हाणलं. दादाने गॅसवरची कढई उचलली. तेल कडकडीत होतं. बाबांच्या डाव्या डोळ्यावर.
मी वरवंटा घेतला. दादाच्या मनगटावर. ऊस मोडल्यासारखा आवाज आला. तो तसाच निघून गेला.

१० जाने., बुध.
परभणी, दवाखाना. बाबांनी डॉक्टरांना सांगितलं, कढई सांडली. नंतर मला, "पोलिसात जायचं न्हाई. घरातलं हाय."
डोळा राहील का, ते परवा पट्टी सोडल्यावर. बाबांचा अर्धा चेहरा सोललेल्या

लिहवत नाही.

११ जाने., गुरु.
डबा घेऊन दवाखान्यात निघालो होतो. स्टँडवर दादाने गाठलं. उजव्या हाताला प्लास्टर. डाव्याने कॉलर धरून माझं डोकं एसटीच्या पत्र्यावर आपटलं, पुन्हा आपटलं.
"तुकडे कुणी केले? तू. पाव नुसता अर्धा अर्धा केला असतास तर वाद झाला असता का?"
नसता झाला. तेवढ्या मोठ्या तुकड्यावर बाबांनीही हामोत्सीच म्हटली असती. हे मला रात्रंदिवस खातंय.
लोकांनी सोडवलं. जाताना त्याने विचारलं, "दिसायलंय का त्यांना?"
तोंडात रक्त होतं. त्याच्या शर्टावर थुंकलो.

१२ जाने., शुक्र. दुपार
पट्टी सोडली. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, बोटं कळत नाहीत. डॉ. म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही. बाबांना घरी आणलं.
तासाभरात दादा दारात. मी आतून कडी घातली.
"कोण हाय?" बाबा.
"दादा," मी म्हणालो.
बाबा म्हणाले, "त्याला हात धुवायला पाणी दे."
हात हामोत्सीच्या आधी धुतात, मेझोनोतला लागत नाही. म्हणजे बाबांनी त्याचं मानलं? पण दारात आलेल्या परक्यालाही आपण पाणी देतोच.
"कशासाठी, बाबा?"
बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.
तांब्या भरून ठेवलाय. दादा लाथा घालायलाय, कडी हलतेय. बाबा दुसऱ्यांदा विचारतायत, "दिलंस का?"